विदर्भातील गावांमध्ये व्यावसायिक इमारतीसाठी वायुवीजन यंत्रणा निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी नवे मंगल कार्यालय, दालमिल, दुकानांची चाळ किंवा धान्याचे गोदाम उभे राहते, तेव्हा खर्चाच्या यादीत हवेचा विचार बहुधा सर्वांत शेवटी येतो. भिंती होतात, टिना चढतात, पूजा होते आणि पहिल्याच एप्रिलमध्ये मालकाच्या लक्षात येते की दुपारी दोननंतर आत थांबणे अशक्य आहे. मग घाईघाईने पंखे आणि कूलर विकत घेतले जातात. विदर्भातल्या बहुतेक चुकांचे मूळ या घाईत आहे, कारण मे महिन्याच्या कोरड्या हवेत जे उत्तम चालते तेच जुलैच्या दमट हवेत निकामी ठरते, आणि निवड करताना जुलैची आठवण कोणालाच नसते. पुढील उत्तरे इमारत बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या मालकांसाठी आहेत.

पंखे, कूलर आणि एसी असताना वायुवीजनाचा वेगळा विचार कशासाठी करायचा?

वायुवीजन म्हणजे आतली वापरलेली हवा बाहेर जाणे आणि तिच्या जागी बाहेरची हवा आत येणे. छताचा पंखा आहे तीच हवा फिरवतो. त्याने घाम वाळतो, पण हवा बदलत नाही. स्प्लिट एसीदेखील खोलीतलीच हवा ओढून, गार करून पुन्हा खोलीत सोडतो. डेझर्ट कूलर मात्र बाहेरची हवा ओलसर पॅडमधून आत ढकलतो, म्हणून तो थंडावा आणि वायुवीजन अशी दोन्ही कामे करतो, अर्थात तो बाहेरच्या बाजूला बसवलेला असेल आणि आतल्या हवेला निघून जायला वाट असेल तरच. ही तीन उपकरणे एकमेकांना पर्याय नाहीत, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे पुष्कळ प्रश्न सोपे होतात.

सुरुवात कुठून करावी?

इमारतीतून नेमके काय बाहेर काढायचे आहे, या प्रश्नापासून करावी. मंगल कार्यालयात माणसांची गर्दी, तिची उष्णता आणि घामाचा ओलावा काढायचा असतो. अकोल्याकडच्या दालमिलमध्ये चुनी-भुशाची धूळ काढायची असते. गोंदिया-भंडाऱ्यातील उसन्या (उकड्या) तांदळाच्या गिरणीत वाफेचा प्रश्न आधी येतो, तर भिवापूर परिसरातील मिरची कांडपात डोळ्यांना आणि घशाला झोंबणाऱ्या बारीक भुकटीचा. कृषी सेवा केंद्रात कीटकनाशकांचा वास आणि त्यांची वाफ असते. उष्णता, ओलावा, धूळ आणि वाफ यांचे मार्ग वेगवेगळे आहेत. उष्ण हवा वर चढते, म्हणून ती उंचावरून काढता येते. जड धूळ खाली बसते आणि ती जिथे उठते तिथेच पकडावी लागते. एकाच प्रकारचा पंखा सर्व ठिकाणी सुचवणाऱ्या विक्रेत्याने तुमची इमारत पाहिलेलीच नाही, असे मी समजतो.

यानंतर दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात. आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे असतात, आणि इमारतीची लांबी, रुंदी व उंची किती आहे.

किती हवा लागेल, याचा हिशेब घरच्या घरी करता येतो का?

ढोबळ हिशेब नक्की करता येतो. बसलेल्या माणसाला सेकंदाला साधारण ८ ते १० लिटर ताजी हवा मिळावी, हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तासाच्या हिशेबाने ती सुमारे ३० घनमीटर होते. विक्रेते घनमीटरऐवजी सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, या मापात बोलतात. घनमीटर-प्रतितास या आकड्याला १.७ ने भागले की सीएफएम मिळतात.

समजा मंगल कार्यालयाचे सभागृह २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. त्याचे घनफळ १,५०० घनमीटर झाले. पंगत बसल्यावर आत ५०० माणसे असतील, तर तासाला सुमारे १५ हजार घनमीटर, म्हणजे जवळपास ८,८०० सीएफएम ताजी हवा हवी. याचा अर्थ सभागृहातील सगळी हवा तासाला दहा वेळा बदलली पाहिजे.

हा झाला श्वासाचा हिशेब. उष्णतेचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो आणि ग्रामीण विदर्भात तोच बहुधा मोठा निघतो. शांत बसलेला माणूस सुमारे ७० वॅट इतकी उष्णता हवेत सोडतो, म्हणजे ५०० माणसांची ३५ किलोवॅट. कूलरची हवा आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत ६ अंशांपेक्षा जास्त तापू नये अशी अपेक्षा ठेवली, तर एवढ्या उष्णतेसाठीच तासाला १८ हजार घनमीटरच्या आसपास हवा लागते, आणि यात तापलेल्या छताची उष्णता धरलेलीच नाही. दोन्ही हिशेबांत जो आकडा मोठा येईल तो धरावा.

विजेशिवाय, केवळ खिडक्या आणि झरोक्यांवर भागेल का?

पुष्कळ इमारतींचे भागते, आणि जिथे भागते तिथे तोच मार्ग प्रथम निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जात असे. सेवाग्रामची बापू कुटी ज्यांनी उन्हाळ्यात पाहिली आहे, त्यांना कुडाच्या भिंती आणि कौलारू छप्पर मिळून काय साधते हे सांगावे लागत नाही. टिना आणि स्लॅब आल्यावर ती वरची वाट बंद झाली, आणि तिच्या जागी दुसरी काढायचे आपण विसरलो.

विजेशिवाय हवा हलवणाऱ्या शक्ती दोनच आहेत, एक वारा आणि दुसरी गरम हवेची वर चढण्याची ओढ. दुसरीचा हिशेब उत्साह वाढवणारा आहे. शेडमध्ये खाली हवा येण्याच्या जाळ्या आणि वर आढ्याला निघण्याची फट, यांच्यात ६ मीटर उंचीचे अंतर असेल, आतली हवा बाहेरच्यापेक्षा ६ अंशांनी गरम असेल आणि खाली-वर प्रत्येकी १० चौरस मीटर मोकळी जागा असेल, तर एकही पंखा न लावता तासाला २० हजार घनमीटरच्या आसपास हवा बदलू शकते. मात्र खालची आणि वरची मोकळी जागा सारखीच हवी. वर मोठी फट आणि खाली बंद भिंत असेल, तर यातले काहीच घडत नाही.

वाऱ्याच्या बाबतीत खोली आत किती खोल आहे, हे महत्त्वाचे असते. समोरासमोरच्या दोन भिंतींत खिडक्या असतील, तर छताच्या उंचीच्या पाचपट अंतरापर्यंत वारा आरपार पोहोचतो. एकाच बाजूला उघडे असेल, तर उंचीच्या दोन-अडीचपट अंतरानंतर हवा साचून राहते. बसस्थानकासमोरच्या चाळीतील दुकान ३ मीटर उंच आणि ९ मीटर खोल असते, फक्त पुढे शटर असते आणि मागची भिंत शेजाऱ्याला चिकटलेली असते. अशा दुकानाच्या मागच्या भागात नैसर्गिक हवा पोहोचत नाही. तिथे मागून, छताजवळून हवा ओढणारा एक पंखा अपरिहार्य आहे.

हवा आत घेण्याची बाजू शक्यतो उत्तरेची, सावलीची ठेवावी. पश्चिमेकडून येणारी उन्हाळ्यातली झळ आणि पावसाळ्यातली झड, दोन्ही टाळलेल्या बऱ्या. शौचालय, जनरेटर, गुरांचा गोठा आणि कच्चा रस्ता यांच्या बाजूने हवा घेऊ नये.

छतावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवावेत का?

बसवायला हरकत नाही, पण केवळ त्यांच्यावर विसंबू नये. माहितीपत्रकावर छापलेला हवेचा आकडा ठरावीक वाऱ्याच्या वेगाला मोजलेला असतो. वारा पडला की तो आकडाही पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी आत सर्वाधिक घुसमट होते. आढ्याच्या पूर्ण लांबीची, पावसापासून झाकलेली फट म्हणजेच रिज व्हेंटिलेटर हा त्याहून खात्रीचा पर्याय आहे, कारण तो वाऱ्याविना केवळ उष्णतेच्या फरकावरही चालतो. नवी शेड बांधत असाल तर फॅब्रिकेटरला हे काम आधीच सांगावे, कारण चढलेल्या टिना कापून आढे उघडणे कटकटीचे असते आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते.

एक्झॉस्ट पंखे लावूनही काहीच फरक पडत नाही, असे का होते?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि दहापैकी बहुतेक वेळा त्याचे उत्तर एकच असते. हवा बाहेर काढण्याची व्यवस्था केली, पण आत येण्याची केली नाही.

बंद डब्यातून हवा ओढता येत नाही. पंखा फिरत राहतो, वीज खातो, आवाज करतो, आणि हवा मात्र दाराच्या फटीतून जेवढी येईल तेवढीच बाहेर जाते. असे झाले आहे का, हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पंखे चालू असताना दार उघडायला जोर लागतो, सोडल्यावर ते धाडकन आपटते, आणि दार उघडे ठेवताच पंख्याचा आवाज बदलतो. तासाला २० हजार घनमीटर हवा काढायची असेल आणि ती सेकंदाला २ मीटर वेगाने आत यावी अशी अपेक्षा असेल, तर जवळपास पावणेतीन चौरस मीटर निव्वळ मोकळी जागा लागते. निव्वळ म्हणजे जाळीची तार आणि झडपांच्या पट्ट्या वजा जाता उरणारी.

दुसरे कारण हवेची जवळची वाट हे असते. पंख्याच्या शेजारीच खिडकी असेल, तर हवा त्या खिडकीतून येते आणि लगेच पंख्यातून निघून जाते. उरलेले सभागृह तसेच राहते. म्हणून हवा येण्याची आणि जाण्याची जागा परस्परांपासून दूर, समोरासमोरच्या भिंतींवर, एक खाली आणि एक वर अशी ठेवावी. मी पाहिलेल्या एका सभागृहात व्यासपीठामागे सहा पंखे होते आणि त्यांच्याच ओळीत मालकाने हौसेने सहा खिडक्या ठेवल्या होत्या. त्या खिडक्या बंद करून समोरच्या भिंतीत खालच्या बाजूला जाळ्या काढल्या, तेव्हा तेच पंखे पुरेसे ठरले.

बाहेरच ४५ अंश असताना हवा बदलून काय उपयोग?

प्रश्न अगदी रास्त आहे. नुसत्या वायुवीजनाने आतले तापमान बाहेरच्यापेक्षा खाली आणता येत नाही. टिनाची शेड आतून ५० अंशांवर गेलेली असेल तर ती ४५ च्या जवळ येईल, त्यापुढे नाही. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान अनुभवले आहे आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा उन्हाळा काही निराळा नसतो. अशा हवेत झळ आत ओढणारे पंखे भर दुपारी कामगारांचा त्रास उलट वाढवतात. दुपारी फक्त श्वासापुरती हवा घ्यावी आणि रात्री पंखे पूर्ण वेगाने चालवून भिंती व जमीन गार करून घ्यावी, हा एक मार्ग आहे. जाड विटांच्या इमारतीत त्याचा गुण चांगला येतो, पातळ पत्र्याच्या शेडमध्ये फारसा येत नाही.

दुसरा मार्ग पाण्याचा, आणि तो तर विदर्भाचा परंपरागत मार्ग आहे. वाळ्याच्या ताट्या आणि आजचा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या) पॅडचा, नळावाटे गार हवा आत सोडणारा डक्ट कूलर यांचे तत्त्व एकच आहे. पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते. हवा जितकी कोरडी, तितका थंडावा जास्त. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या पॅडमधून येणारी हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. सोळा अंशांहून अधिक घट इतक्या कमी विजेत देणारे दुसरे साधन माझ्या माहितीत नाही. नवतपात विदर्भातील मोठ्या सभागृहासाठी, दुकानासाठी किंवा पॅकिंग शेडसाठी डक्ट कूलर ही माझी पहिली शिफारस असते. मात्र त्यात येणारी सगळी हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. खिडक्या बंद करून कूलर चालवणाऱ्याच्या खोलीत तासाभरात चिकचिक होते आणि दोष कूलरला दिला जातो.

कूलरला पाणी किती लागते? आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो.

मग हा हिशेब खरेदीच्या आधी केलाच पाहिजे. वर सांगितलेल्या कोरड्या दुपारी दर १,००० घनमीटर हवेमागे तासाला ७ ते ८ लिटर पाण्याची वाफ होते. तासाला २० हजार घनमीटरच्या यंत्रणेला तासाला सुमारे १५० लिटर, आणि आठ तासांना १,२०० लिटर पाणी लागेल. याशिवाय टाकीतले क्षार वाढू नयेत म्हणून थोडे पाणी सतत काढून टाकावे लागते. बोअरचे पाणी जड असेल तर पॅडवर पांढरा थर चढतो, छिद्रे बुजतात आणि एकाच हंगामात पॅड निकामी होतो. काढून टाकलेले पाणी शौचालयासाठी वापरता येते.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. ज्या गावात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण आहे, तिथे व्यावसायिक इमारतीने रोज हजार लिटर पाणी हवेत सोडावे का, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारावा. अशा ठिकाणी छताचे इन्सुलेशन आणि रात्रीचे वायुवीजन यांवर आधी पैसा लावणे मला अधिक योग्य वाटते.

पावसाळ्यात तोच कूलर का चालत नाही?

कारण हवेत आणखी पाणी मावत नाही. जुलैमध्ये ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तोच पॅड हवा जेमतेम तीन अंशांनी गार करतो आणि ती जवळजवळ ओलीचिंब करून आत सोडतो. घाम वाळत नाही, कागद मऊ पडतात, कापडाच्या दुकानात बुरशीचा वास येतो. म्हणून मृगाचा पाऊस पडला की पॅडचे पाणी बंद करून नुसता पंखा चालवता येईल, अशी सोय कूलरमध्ये हवी. त्या दिवसांत हवेचा वेग हाच दिलासा असतो. अंगावरून वारा वाहिला की घाम वाळतो. त्यामुळे छताचे मोठे पंखे, हवेच्या येण्या-जाण्याच्या रुंद वाटा आणि पाऊस आत येऊ न देणाऱ्या झडपा यांची योजना मे महिन्यातच करून ठेवावी. आराखडा दाखवणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला मी एवढेच विचारतो की हीच यंत्रणा श्रावणात कशी चालेल ते सांगा.

छत टिनाचे आहे. वायुवीजन वाढवले तर पुरेल का?

बहुधा पुरणार नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या माध्यान्ही सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे सगळे ऊन भिंतींवर नव्हे तर छतावर पडते. तापलेली टिन खाली बसलेल्या माणसाला थेट भाजते. हवेचे तापमान कितीही खाली आणले तरी ती धग थांबत नाही, जसे चुलीसमोर बसल्यावर पाठीमागून वारा आला तरी चेहरा तापतोच. छताला पांढरा परावर्तक रंग देणे, टिनेखाली इन्सुलेशन बसवणे किंवा खोटे छत करून मधल्या पोकळीतून हवा वाहू देणे, यांपैकी एक काम आधी करावे. त्यानंतर लागणारी यंत्रणा लहान निघते.

जिनिंग, दालमिल आणि मसाल्याच्या गिरणीतील धुळीचे काय?

इथे साध्या एक्झॉस्ट पंख्यावर समाधान मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या कापसाच्या पट्ट्यात जिनिंगमध्ये काम करणारी माणसे वर्षानुवर्षे कापसाची बारीक धूळ श्वासातून घेतात. तिच्यामुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. अशी तक्रार करणाऱ्या कामगाराला कामचुकार समजू नये.

धूळ हवेत पसरल्यानंतर काढणे फार महाग पडते. ती जिथे उठते तिथेच, यंत्राच्या तोंडाशी, टोप (हूड) बसवून हवेच्या नळावाटे ओढून घ्यावी लागते. ओढण्याची शक्ती अंतराबरोबर वेगाने घटते. नळाच्या तोंडापासून त्याच्या एका व्यासाएवढे दूर गेले की हवेचा वेग जेमतेम एक दशांश उरतो. म्हणजे एक फूट व्यासाचा नळ दोन फूट दूर ठेवला तर तो जवळपास निरुपयोगी आहे. नळातून धूळ वाहून नेताना हवेचा वेग सेकंदाला १८ ते २० मीटर ठेवावा लागतो, नाहीतर ती आडव्या नळात बसते आणि हळूहळू तो बुजवते. पुढे हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारे सायक्लोन आणि कापडी पिशव्यांचे फिल्टर लागतात. धूळ शेजारच्या शेतात किंवा वस्तीवर सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कापूस, डाळीची चुनी, हळद, मिरची, पीठ यांची बारीक धूळ हवेत दाट मिसळली की ठिणगीने पेट घेते. म्हणून अशा ठिकाणी मोटर पूर्ण बंदिस्त आणि धुळीच्या जागेसाठी प्रमाणित असावी, नळाला अर्थिंग असावे, आणि तुळयांवर साठलेली धूळ झाडून नव्हे तर ओढून काढावी.

मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरासाठी वेगळी यंत्रणा लागते का?

होय, आणि ती सभागृहाच्या यंत्रणेला जोडू नये. भट्टीवर धूर ओढणारा टोप (हूड) बसवावा, तो भट्टीच्या कडेपेक्षा चारही बाजूंनी किमान अर्धा फूट बाहेर असावा आणि त्यातील तेल अडवणाऱ्या जाळ्या नियमित धुवाव्यात, कारण नळात साठलेले तेल एका भडक्यात पेटते. स्वयंपाकघरात सभागृहापेक्षा थोडा कमी दाब राहील अशी योजना करावी, म्हणजे फोडणीचा धूर पंगतीकडे न येता टोपाकडे जाईल.

एसी असलेल्या बँकेच्या शाखेत, शिकवणी वर्गात किंवा दवाखान्यात ताजी हवा कशी द्यावी?

शिकवणी वर्गाचेच उदाहरण घेऊ. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोलीत ६० मुले बसली, दारे-खिडक्या बंद केल्या आणि एसी लावला. ताजी हवा अजिबात आली नाही, तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या सुमारे ४२० भागांवरून दशलक्षात १,००० भागांच्या वर जायला पाच मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. तासाभराच्या वर्गात मुलांना गुंगी येते, डोके जड होते, आणि शिक्षकांना वाटते की मुलांचे लक्ष नाही. गाळणीतून बाहेरची हवा आत देणारा एक पंखा आणि विरुद्ध बाजूला हवा जाण्याची झडप, एवढ्यानेही फरक पडतो. वीज वाचवायची असेल तर बाहेर जाणाऱ्या गार हवेकडून येणाऱ्या गरम हवेला थंडावा देणारे उष्णता-विनिमय यंत्र मिळते. मात्र आपल्याकडच्या धुळीत त्याच्या गाळण्या दर पंधरवड्याला साफ करणारा माणूस नेमलेला नसेल, तर ते घेऊ नये.

दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात खोकणारे रुग्ण तासन्‌तास बसतात, त्यामुळे तो भाग बंद आणि एसीचा करण्याऐवजी उघडा, व्हरांड्यासारखा ठेवावा. श्वासातून पसरणाऱ्या आजाराच्या विलगीकरण खोलीत तासाला १२ वेळा हवा बदलण्याची शिफारस आहे, आणि ती हवा मार्गिकेत नव्हे तर थेट बाहेर सोडायची असते.

सोयाबीन-तुरीच्या गोदामाला आणि कृषी सेवा केंद्राला काय लागते?

गोदामात हवा सतत खेळती ठेवणे चुकीचे आहे. पावसाळ्यातली दमट हवा आत घेतली तर ती गार पोत्यांवर ओल धरते आणि दाण्याला बुरशी लागते. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच झडपा उघडाव्यात, झड लागली की बंद कराव्यात. म्हणून उघड-मीट करता येणाऱ्या झडपाच घ्याव्यात. कायमच्या उघड्या जाळ्या नकोत. धान्यातील कीड मारणाऱ्या सेल्फॉसच्या गोळ्यांनी धुरी दिल्यानंतर आत विषारी फॉस्फिन वायू राहतो. दारे-झडपा बाहेरून उघडता याव्यात, पंख्याचे बटण बाहेर असावे आणि वायू पूर्ण निघाल्याची मोजून खात्री झाल्याशिवाय कोणीही, अगदी क्षणभरासाठीही, आत जाऊ नये. गोदामाला लागून राहते घर असू नये.

कृषी सेवा केंद्रात कीटकनाशके मागच्या बंद खोलीत असतात आणि तिथेच दुकानदार दिवसभर हिशेब करतो. त्या खोलीची हवा खालच्या बाजूनेही काढावी, कारण अशा द्रावकांची वाफ बहुधा हवेपेक्षा जड असते. बसण्याची जागा तिथून हलवावी.

भारनियमन आणि कमी व्होल्टेज असताना कोणती यंत्रणा टिकते?

मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर जोर जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो, पंखा सुरू होताना अडखळतो आणि मोटर जळते. एका मोठ्या पंख्याऐवजी चार लहान पंखे घ्यावेत. एक बंद पडला तरी तीन चालतात, आणि गर्दी कमी असताना दोनच चालवता येतात. वेग कमी-जास्त करता येणारा पंखा मिळाला तर अधिक चांगले, कारण वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. वीज गेल्यावर हाताने उघडता येतील अशा खिडक्या प्रत्येक इमारतीत हव्यातच. जनरेटर बंद खोलीत किंवा हवा घेण्याच्या जाळीजवळ ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही.

कायद्याने काही बंधन आहे का?

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये वायुवीजनाचा स्वतंत्र भाग आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १६ ने प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा ठरवली होती आणि ती मोजताना ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नाही असेही म्हटले होते. आज तुमच्या उद्योगाला लागू असलेली तरतूद कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयातून लेखी घ्यावी, परंतु नियोजनाचा किमान आधार म्हणून हा आकडा आजही उपयोगी आहे.

कोटेशन घेताना विक्रेत्याला काय विचारावे, आणि काम झाल्यावर कसे तपासावे?

पंख्याचा आकार इंचात सांगणारे कोटेशन अपुरे आहे. जाळी, झडप आणि नळ जोडल्यावर, म्हणजे प्रत्यक्ष दाबाविरुद्ध तो किती हवा देईल, तो किती वॅट वीज घेईल आणि आवाज किती करेल, हे लिहून मागावे. पाऊण किलोवॅटचे पाच पंखे दिवसाला दहा तास चालले तर ३७.५ युनिट होतात आणि ९० दिवसांच्या उन्हाळ्यात ३,३७५ युनिट. दोन कोटेशनांची तुलना या आकड्यासह करावी, नुसत्या किमतीची नव्हे. सुटे पॅड, पट्टे आणि बेअरिंग जिल्ह्याच्या गावी मिळतात का, हेही विचारावे. नागपूरहून माणूस येईपर्यंत लग्नसराई संपलेली असते.

काम झाल्यावर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी सर्व पंखे चालू करून एक उदबत्ती पेटवावी आणि ती घेऊन सभागृहाच्या प्रत्येक कोपऱ्यात उभे राहावे. धूर सरळ वर जाऊन रेंगाळत असेल तर त्या कोपऱ्यात हवा पोहोचलेली नाही. हवा येण्याच्या जाळीपाशी धूर आत वळला पाहिजे आणि पंख्यापाशी बाहेर खेचला गेला पाहिजे. विक्रेत्याकडे हवेचा वेग मोजण्याचे यंत्र असेल तर आलेले आकडे तारखेसह लिहून त्यावर त्याची सही घ्यावी. हीच तपासणी पहिला पाऊस पडल्यानंतर, सभागृह माणसांनी भरलेले असताना पुन्हा करावी आणि हप्त्याचा एक भाग तोपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घालावी.